शालूच्या ताटातली पोळी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला ठाऊक नाही असं आमच्या घरात फारसं काही नसतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही शालूला ओळखत नाही.

शालू माझी धाकटी बहीण. धामणगावला दिली आहे. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवतो. तिचं लग्न जुळत होतं त्याच सुमाराला माझ्या अंगातलं रक्त फार कमी झालं. जिना चढताना धाप लागायची. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले, फरक काही नाही. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं — सिलिॲक. गव्हाने आतडं खराब होतं, मग लोह अंगी लागतच नाही. गहू जन्मभर बंद. मी उठता उठता ते म्हणाले, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, बहिणीची तपासणी करून घ्या.

करून घेतली का? — नाही. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडेल, लग्नानंतर सांगू, असं मनाशी ठरवलं. घरी म्हटलं, मला गहू बाधतो. वऱ्हाडात ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला कोण काय विचारणार? खपून गेलं. दरवर्षी मुलांना आनुवंशिकतेचा धडा शिकवतो मी — माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही.

मग लग्न झालं. तेव्हा का नाही बोललो? तेव्हा दुसरीच भीती — आधी का लपवलंस, असं ती विचारेल. जितका उशीर होत गेला, तितकी जीभ जड होत गेली.

दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. परात धुऊन, तवा घासून ती आधी माझी भाकरी थापते — दादाला गव्हाचं पीठ लागायला नको म्हणून. मग स्वतः पोळी घेऊन माझ्यासमोर बसते. चेहरा पांढराफटक, तोंड सारखं आलेलं, केस गळून गेलेले. सासू म्हणते, "गोळ्या फेकून देत असशीन, नाई त रक्त काहून वाढत नाई?" हे शालू मला हसत हसत सांगते. मी भाकरी मोडत ऐकतो. तिचा एकेक घास तोंडात जाताना मी पाहिला आहे — सगळं माहीत असून. एकदा तिला दिवस राहिले, पण मूल टिकलं नाही. ती रडत होती आणि मी म्हणालो, देवाची मर्जी. हे माझ्याच तोंडून निघालं. मला लाज कशी वाटली नाही?

मागच्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी तिची ती तपासणी केली. सासरी कुणाला सांगायच्या आधी, दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने मला फोन लावला.

"दादा, मले गव्हाचाच आजार निंगाला. बाई म्हनते का भावालेबी असू शकते. तुले गहू बाधते ना? तू उद्याच तपासून घे. माह्यावानी उशीर नोको करू, बावा."

यापेक्षा सोपी वेळ मला कधी मिळणार होती?

मी म्हणालो, "बरं झालं सांगतलं तू. जातो उद्याच."