पाद्री आणि बेकरीवाली

ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती शिक्षिका भेटायला आल्या. येताना केळी आणली आणि माझ्यासाठी एक इंग्रजी कादंबरी. "घरात बसून कंटाळाल. हलकीफुलकी आहे," म्हणाल्या. मुखपृष्ठावर बर्फातलं छोटं चर्च आणि पाठमोरी बाई. मी हसून घेतली आणि फ्रीजवर ठेवून दिली. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली मी. आमच्या वाचक मंडळात असल्या पुस्तकांना नाकं मुरडण्यात पहिला नंबर माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चहा उकळेपर्यंत म्हणून चाळायला घेतली. चहा उतू गेला.

गोष्ट अगदी साधी. लहानशा गावातला विधुर पाद्री आणि शहरातून परत येऊन मावशीची बेकरी चालवणारी बाई. तो रोज पाव न्यायला येतो आणि तिच्या दारातला बर्फ न सांगता उपसून जातो. जेवणाआधी दोघं डोळे मिटून प्रार्थना करतात. अर्धं पुस्तक झालं तरी त्याने तिचा हातसुद्धा धरलेला नाही. शेवट मला पहिल्याच पानावर कळला होता, तरी छातीत धडधडत होतं. नातवंडं असलेल्या बाईला हे शोभतं का, असं वाटून मी पुस्तक दिवाळी अंकात घालून वाचू लागले.

"अगो, काय वाचत्येस? मघापासून पानं उलटतायत."

"काही नाही, अंक."

"मग मोठ्याने वाच. मला कुठे पेपर वाचता येतोय!"

सांगावंच लागलं. त्या दिवसापासून मी रोज दुपारी मराठी करून वाचू लागले. प्रेमाची वाक्यं आली की गाळायची.

"तो नुसताच पाव घेऊन गेला? काहीच बोलला नाही?" हे विचारायचे.

"बोलला. पण मराठीत नीट येत नाही ते."

अशात एका संध्याकाळी मंडळातले प्राध्यापक तब्येत विचारायला आले. काळा चष्मा लावून बसलेले हे उत्साहाने म्हणाले, "त्या पाद्र्याने तिला अजून विचारलेलंच नाही हो! हिला म्हणतोय, शेवटचं पान बघ."

"कोण पाद्री?" प्राध्यापकांनी टेबलावरचं पुस्तक उचललं.

माझे कान तापले. "ह्यांना करमत नाही," मी म्हटलं, "म्हणून काहीतरी वाचून दाखवते झालं."

प्राध्यापक गेल्यावर हे म्हणाले, "मला करमत नाही म्हणालीस, ते खरंच आहे. पण तुलाही आवडतं, त्याचं काय?"

मान वर करवेना. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि पाद्री तिला मागणी घालतो ते प्रकरण एकही वाक्य न गाळता वाचलं.

"मी तुला असं काही विचारलंच नाही," हे म्हणाले. "पत्रिका जुळली, तारीख ठरली."

इतके दिवस मी मनातल्या मनात ह्यांना त्या पाद्र्याशेजारी उभं करून मापत होते. ते ह्यांना कळलं होतं की काय, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि तसाच हात धरून बसले.

पुस्तक परत करायला वर गेले तेव्हा शिक्षिकाबाईंनी विचारलं, "आवडली?"

"आवडली. दोघांनाही."

त्यांनी दुसरी काढून दिली. जिना उतरताना कोणी भेटू नये म्हणून मी ती पदराखाली धरली होती.