मोर्शीला न्यायचं पाणी

सुधाकर गेला त्या दिवशी आम्ही चौघे एका दोराला बांधलेले होतो. बर्फाखालची भेग उघडली. दोर तुटला. तिघे राहिलो.

बरेच दिवस शोध चालला, पण तो सापडला नाही. सुधाकर मोर्शीचा, मी अकोल्याचा. त्या उंचीवरच्या लष्करी चौकीत वऱ्हाडी बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. चौकीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोक्यात देव मांडलेले होते. रोज सकाळी सुधाकर तिथे दिवा लावायचा आणि मी स्लीपिंग बॅगेत पडल्या पडल्या पुस्तक वाचत असायचो. "तुह्या वाट्याचा नमस्कारबी मीच करून टाकला बे," असं तो म्हणायचा. त्याच्यामागे दिवा मी लावू लागलो. ते देवासाठी होतं असं म्हणता येणार नाही. त्या वेळी खोक्यासमोर कोणीच नाही, एवढं मला बघवत नव्हतं.

मोर्शीला त्याच्या आईने, जिला मी मावशी म्हणतो तिने, क्रिया अडवून धरली होती. देह नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून विधी उरकावा असं सगळे सांगत होते. मला रजा मिळाली तेव्हा ती फोनवर म्हणाली, "गवताच्या बाहुल्याले मी पोरगं म्हनू काय? तू येऊन राहिला ना, तं तिथलं काई आन बाबू. मूठभर माती आन." तिथे माती नाही, हे तिला कसं सांगायचं? मग तो गेला त्या उतारावरचं बर्फ मी डब्यात आणलं, स्टोव्हवर वितळवलं आणि बाटलीत भरलं. माझ्या लेखी ते पाणीच होतं. पण ते मोर्शीला पोचलं नाही तर मावशी मुलाला कधीच निरोप देणार नाही, हे मला कळत होतं. वाटेत दोन गाड्या बदलल्या, पण ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वैशाख होता. अकोला आलं, मी उतरलो नाही. आधी मोर्शी, मग घर, असं ठरवलं होतं. अकोल्याला धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ चढले आणि समोरच्या बाकावर टेकले. गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे सिग्नलला थांबली आणि थांबूनच राहिली. तशात त्या बाबांची मान कलली. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. त्यांना ऊन लागलं होतं. डब्यात बाटल्या फिरल्या, सगळ्या रिकाम्या. माझीही संपलेली. शेजारच्या बाईंना माझ्या पिशवीतून डोकावणारं झाकण दिसलं.

"ओ भाऊ, पानी हाये ना तुमच्यापाशी?"

"ते प्यायचं नाही."

"मंग काय आंगधुनीचं हाये?" कोणीतरी हसलं. "मानूस चाल्ला इथं, अन् हे मिल्ट्रीवाले पानी सांभाळून राहिले."

मला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर कोणी पुन्हा मागितलंही नसतं.  पण मनात सुधाकरचा आवाज उमटला, तोही नेहमीसारखा चिडवणारा: दे ना बे. मी झाकण उघडलं. बाईंनी बाबांची मान धरली आणि मी बाटली त्यांच्या ओठांना लावली. घोट घोट करत ते प्यायले. तळाशी थोडं उरलं तेव्हा त्यांनी हातानेच बाटली दूर केली. डोळे उघडून म्हणाले, "बरफावानी गार हाये. दात ठनकले माहे. कुन्या विहिरीचं हाये बापू?"

मी बाटलीला हात लावून पाहिला. दोन दिवस त्या उन्हात प्रवास केलेली बाटली. ती कोमट होती. बाईंनीही हात लावला आणि बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. पाणी कुठलं, हे डब्यात मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

बडनेऱ्याला बाबा स्वतःच्या पायांनी उतरले. भातकुलीला जायचंय म्हणाले आणि गर्दीत दिसेनासे झाले. नंतर मी एका डॉक्टर मित्राला विचारलं. तापलेल्या माणसाला साधं पाणीही गार लागतं, असं तो म्हणाला. असेल. दात कसे ठणकले, हे मी त्याला विचारलं नाही. ते कुतूहल मी जवळच ठेवलं आहे.

मोर्शीला संत्र्याच्या बागेत मावशी माझी वाट बघत होती. तळाशी घोटभर पाणी असलेली बाटली तिच्या हातात देताना मला मान वर करवेना. झालं ते सगळं सांगितलं. तिने बाटली उजेडाकडे धरली.

"गार लागलं म्हने त्याईले?"

"हो."

"मले रोज वाटे, माह्या पोराले तिथं थंडी वाजत असन. पांघराले कोन देत असन?" तिने बाटली पदराने पुसली. "निंगाली त्याची थंडी. जो जळून राहिला होता, त्याच्या कामी आली."

दुसऱ्या दिवशी बागेतल्या विहिरीपाशी क्रिया झाली. सुधाकरच्या थोरल्या भावाने ते घोटभर पाणी ओंजळीतून सोडलं. मावशी तेव्हा रडली, पहिल्यांदाच. मी दोन दिवस जे घट्ट धरून आणलं होतं, ते सोडावं लागलं तेव्हाच पोचलं. कोणी पोचवलं, हे मला ठाऊक नाही. हात मात्र आपोआप जोडले गेले.

आता मी निवृत्त आहे. सकाळचा दिवा अजून लावतो. दर वैशाखात मोर्शीला जातो. निघताना मावशी त्याच बाटलीत विहिरीचं पाणी भरून देते आणि गाडीत कोणी मागितलं तर दे म्हणते. बहुतेक वेळा कोणीतरी मागतं. गेल्या वर्षी कोणी मागितलं नाही. घरी येऊन मीच ते प्यायलो. पाणी कोमट होतं. तहान भागली.