चार चौकटींतलं पाणी

“बरोबर हाये भाऊ. आमी असंच करतो,” पार्वताबाई म्हणाल्या आणि माझं पुस्तक चुकलंय हे मला कळलं.

शनिवारची सकाळ होती. वर्ध्याच्या भाजीबाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांग्यांचा ढीग यांच्यामध्ये मी उकिडवा बसलो होतो. पार्वताबाईंच्या हातात माझं नवंकोरं मिनीकॉमिक होतं. बरोबर आहे म्हटल्यावर खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण त्यांचं बोट पानावरून कुठल्या वाटेनं गेलं, ते मी पाहिलं होतं.

आधी माझं सांगतो. मी नालवाडीत राहतो, आडनाव भगत. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरचा नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं जसाच्या तसा उतरवणारा माणूस. स्वतःच्या मनानं एक रेघही काढायची नाही, अशी ती नोकरी. रिटायर झालो आणि त्या सगळ्या दाबून ठेवलेल्या रेघा बाहेर आल्या. मी मिनीकॉमिक काढू लागलो.

मिनीकॉमिक म्हणजे चित्रकथेचं छोटं, घरी केलेलं पुस्तक. चित्रं स्वतः काढायची, झेरॉक्स मारायच्या, कागद मधोमध दुमडायचे, घडीवर चमच्याची पाठ फिरवायची आणि पिना मारायच्या. साधा स्टेपलर कागदाच्या मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लांब मानेचा वेगळा स्टेपलर लागतो. पिना मारण्याआधी एक कच्ची प्रत बनवतात, तिला डमी म्हणतात. डमी चार लोकांना दाखवायची असते. यात प्रकाशक मी, बाइंडर मी, आणि कौतुक करायला कोणी नसलं तर तेही मीच करतो.

हे काम मात्र हौसेचं नव्हतं. सिंदी मेघेत एक लहान संस्था आहे. तिथले ढोले सर आंजी मोठी या गावच्या भाजी पिकवणाऱ्या बायांच्या गटासोबत काम करतात. फवारणी करताना काय काळजी घ्यायची, यावर त्यांना पुस्तक हवं होतं. गटातल्या वयस्क बाया शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून अक्षर एकही नको, नुसती चित्रं. सोमवारी गटाची मीटिंग होती. त्याच आठवड्यात वांग्यावर फवारणी सुरू होणार होती.

माझं नाव ढोले सरांना सुचवलं ते याच गटातल्या पार्वताबाईंनी. मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. भाजी घेता घेता तिथेच बसून माणसांची चित्रं काढतो, ते त्या पाहत. त्यांची धाकटी जाऊ शेवंताबाई. नवऱ्याची कंबर गेल्यापासून वांग्याची फवारणी ती स्वतःच करते. मागच्या हंगामात पंप उतरवून तिनं तशीच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून भाकर खाल्ली. थोड्या वेळात गरगरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. पण सांगताना पार्वताबाईंच्या हातातली सांभाराची जुडी खाली पडली होती, ते माझ्या लक्षात राहिलं. पुस्तक मी शेवंताबाईसाठीच काढलं, असं म्हटलं तरी चालेल.

आता चूक सांगतो. प्रत्येक पानावर चार चौकटी होत्या, दोन वर आणि दोन खाली. महत्त्वाच्या पानावर वरच्या पहिल्या चौकटीत बाई फवारणी संपवून पंप खाली ठेवते. तिच्या शेजारच्या चौकटीत साबणानं हातपाय धुते, लुगडं बदलते. मग खालच्या ओळीत आधी डबा खाते आणि शेवटी नातवाला उचलून घेते.

पार्वताबाईंनी बोट पहिल्या चौकटीवर ठेवलं आणि सरळ खाली आणलं. मग वर जाऊन दुसऱ्या बाजूनं पुन्हा खाली.

“पंप ठेवला. डबा खाल्ला. मंग हातपाय धुतले. मंग नातवाले घेतलं. बरोबर हाये भाऊ. आमी असंच करतो.”

ज्या सवयीनं शेवंताबाई मरता मरता वाचली, तीच सवय मी सुबक चित्रं काढून शिकवत होतो. आधी डावीकडून उजवीकडे आणि मग खाली, ही रीत आपल्याला शाळेनं लावलेली असते. चित्र सगळ्यांना कळतं, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. चित्र कळतं. क्रम कळेलच असं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि डमी? डमी दाखवली होती की! ढोले सरांना, माझ्या बायकोला आणि एका रिटायर्ड हेडमास्तरांना. तिघांनीही वा वा केलं होतं. त्यांच्या भरवशावर मी दोनशे प्रती दुमडून, पिना मारून, गठ्ठे बांधून मोकळा झालो होतो.

तिथूनच ढोले सरांना फोन लावला.

“सर, पुस्तक चुकलं.”

“काय चुकलं? छपाई?”

“छपाई ठीक आहे. माझं डोकं चुकलं.” मी सगळं सांगितलं.

“अहो भगत साहेब, टेन्शन काऊन घेऊन राह्यले? चौकटीत एक, दोन, तीन, चार आकडे टाका. नाहीतर राहू द्या तसंच. मी मीटिंगमध्ये तोंडी समजावून देतो ना.”

“तुम्ही मीटिंगमध्ये समजावाल. पुस्तक घरी गेल्यावर कोण समजावेल?”

मी फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर वाटलं होतं की द्यावं वाटून. दोनशे प्रती. माझी पाठ अजून दुखत होती. चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. पण समोर पार्वताबाई बसल्या होत्या आणि अजून कौतुकानं ते पान पाहत होत्या.

मी पेन काढला आणि आकडे टाकून पाहिले. औषध कालवण्याच्या पानावर दुसऱ्या चौकटीत बादली होती. तिच्या कोपऱ्यात ठळक दोन लिहिला. पार्वताबाईंना अक्षर येत नाही, पण आकडे पक्के येतात.

“दोन झाकनं दवाई टाकाची ना?” त्यांनी विचारलं.

मी आकडा खोडला. बाजूला बाण काढला. तो त्यांना पंपाची धार वाटला.

“हे तं बाईच्याच अंगावर फवारून राह्यलं,” त्या म्हणाल्या.

मी पेन खिशात घातला. आता मात्र त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. चित्रं कुठल्या क्रमानं पाहायची होती आणि त्यांनी कशी पाहिली, ते दाखवलं. वाटलं, वाईट वाटेल त्यांना. कसचं काय! त्या माझ्याकडेच कीव आल्यासारखं पाहायला लागल्या.

“तुमी नोकरी कायची केली म्हने?”

“पाटबंधारे खात्यात. कालव्यांचे नकाशे काढत होतो.”

“अन् हे नाई समजत तुमाले?”

भाजीखाली अंथरलेल्या तट्ट्याच्या कडेला मोकळी माती होती. त्यांनी बोटानं चार वाफे ओढले, दोन वर आणि दोन खाली, हुबेहूब माझं पान. भाजीवर शिंपडायचा लोटा उचलून पहिल्या वाफ्यात पाणी ओतलं. पाणी चहूकडे पसरलं.

“पाहा. तुमच्या वाफ्याईले दांडच नाई. मंग पानी वाटंन तिकडं जाईन.”

दांड म्हणजे वाफ्यांना पाणी देणारा लहान पाट. त्यांनी वाफे पुन्हा नीट केले. पहिल्या वाफ्याच्या खालच्या बाजूला मातीचा बांध घालून ती वाट बंद केली. उजवीकडे तोंड उघडलं. पाणी शेजारच्या वाफ्यात गेलं. तिथून खाली काढून मधल्या पट्टीतून डावीकडे वळवलं, तिसऱ्यात सोडलं, मग चौथ्यात.

“आता कोन चुकीन?”

एकतीस वर्षं मी पाण्याच्या वाटा काढल्या होत्या. चौकटींच्या मधली पांढरी पट्टी मात्र मी नुसती रिकामी सोडली होती. लाज वाटली आणि हसूही आलं. त्या ओल्या मातीचा फोटो काढून घेतला.

घरी येऊन एका प्रतीवर प्रयोग केला. वरच्या डाव्या कोपऱ्यात मोटरीच्या पाइपाचं तोंड काढलं. तिथून निळं पाणी निघून चौकटीतून चौकटीत फिरवलं. पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये जाड तपकिरी बांध घातला. स्केचपेनची शाई पातळ कागदातून मागच्या पानावर उतरली, म्हणून रंगपेन्सिल घेतली. ती बरोबर बसली. फक्त दुकानात निळी सुटी मिळेना. बारा रंगांच्या पेट्याच घ्याव्या लागल्या.

“रंगपंचमी हाय का?” बायकोनं विचारलं.

“दोनशे पुस्तकांत कालवे काढायचे आहेत.”

“रिटायर झाले म्हणून पेढे वाटले होते आपण,” ती म्हणाली, पण पेन्सिलीला टोक काढायला बसली.

क्रम ज्या पानांवर महत्त्वाचा होता, अशी पानं प्रत्येक पुस्तकात तीन होती. म्हणजे सहाशे पानं. पिना काढायची गरज नव्हती, हे घरगुती पुस्तकाचं सुख. मोठ्या छापखान्याच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल बसली नसती, सगळंच रद्दीत गेलं असतं.

पण सहाशे पानं रंगवण्याआधी एक गोष्ट बाकी होती. पार्वताबाईंना उत्तर माहीत झालं होतं, आता त्यांना दाखवून उपयोग नव्हता. ज्यांनी पुस्तक पाहिलेलंच नाही, असं कोणी हवं होतं. रविवारी सकाळी गठ्ठे घेऊन आम्ही दोघं नवरा-बायको आंजीला गेलो. पार्वताबाईंच्या अंगणात शेवंताबाई वांगी निवडत बसल्या होत्या.

“शेवंते, इकडं ये व. हे पाहून सांग काय हाय ते,” पार्वताबाई म्हणाल्या.

“मले काय वाचता येते, बाई?”

“वाचू नोको. पाह्य.”

मी पार्वताबाईंना दम दिला होता की एक शब्दही सुचवायचा नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. शेवंताबाईंनी हात पुसले, पुस्तक घेतलं. बोट पाइपाच्या तोंडावर ठेवलं. सांगायला हरकत नाही, इतकी भीती मला एकतीस वर्षांत कुठल्याच साहेबाची वाटली नव्हती.

“हे मोटर हाय. पानी निंगालं.” बोट पहिल्या चौकटीत आलं. “बाईनं पंप ठेवला.” बोट खाली जायला लागलं, बांधाशी थांबलं. “इथून बंद केलं यानं.” मग उजवीकडे वळलं. “हातपाय धुतले. लुगडं बदललं.” निळ्या पट्टीतून बोट परत डावीकडे आलं. “आता डबा खाऊन राह्यली. अन् हे नातवाले घेतलं.”

बोट तिथंच थांबलं. मग हळूच मागं आलं, हातपाय धुण्याच्या चौकटीवर.

“बाई,” त्या जावेला म्हणाल्या, “मी तं डबा आधी खाल्लता ना व.”

पार्वताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडल्या, “आता पाहून काय राह्यले भाऊ? काढा तुमच्या पेन्सिली!”

मला एकदम हलकं वाटलं. पाठीचं दुखणंही थांबल्यासारखं झालं. गटातल्या सहा-सात बाया जमल्या. मी बांध घातले, बायांनी पाणी सोडलं. कोणाचं पाणी सरळ, कोणाचं नागमोडी. एका आजींनी तर माझ्या मनात नसलेलं एक बदकही सोडलं. दुपार कलायच्या आत दोनशे प्रती तयार झाल्या. एकही दुसरीसारखी नव्हती. ढोले सर आले, दहा-बारा प्रती उलटून पाहिल्या आणि म्हणाले, “हे आधीच काऊन नाई सुचलं तुम्हाले?” मी बायकोकडे पाहिलं. ती हसत होती.

सोमवारची मीटिंग नीट पार पडली. सरांना फार काही समजावावं लागलं नाही. बाया एकमेकींना पुस्तकं दाखवत माझं पाणी चांगलं की तुझं, यावरच भांडत बसल्या.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वांगी आणायच्या निमित्तानं आंजीला गेलो होतो. पार्वताबाईंच्या सोबत धुऱ्यावर उभा होतो. शेवंताबाई फवारणी आटपून आल्या, पंप उतरवला, बाभळीखाली बसल्या आणि डब्याला हात घातला.

“शेवंते!” पार्वताबाई तिथूनच गरजल्या. “पानी कोनत्या वाफ्यात हाय तुयं?”

शेवंताबाईंचा हात थांबला. त्यांनी डबा बाजूला ठेवला, साबण उचलला आणि पुटपुटत हौदाकडे निघाल्या. माझ्यासमोरून जाताना थांबल्या.

“तुमाले दुसरा धंदा नव्हता का हो भाऊ? भुकेनं जीव चाल्ला, अन् हे बाई जेवू नाई देत.”

इतक्या प्रेमानं मला कोणी शिवी दिली नव्हती. त्या हौदावर कोपरापर्यंत साबण लावत होत्या आणि मी उगाच तिथं उभा राहून पाहत होतो. त्यांनी लुगडंही बदललं. मग डबा उघडला.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. डमी हेडमास्तरांना दाखवायची नाही. आता पुस्तक तयार झालं की मी आधी बाजारात पार्वताबाईंकडे जातो, आणि तोवर लांब मानेचा स्टेपलर बायकोच्या कपाटात कुलूपबंद असतो. रंगपेन्सिलींच्या नऊ पेट्या अजून घरात पडून आहेत. प्रत्येकीत दहाच रंग आहेत. निळा आणि तपकिरी आंजीत संपला.