दानियल पाळकांचा प्याला

दानियल पाळक आमच्या वस्तीत आले ते बैलगाडीतून, आणि खाली उतरल्याबरोबर आभार मानायला लागले. आधी देवाचे, मग गाडीवानाचे, मग बैलांचे. माझी आजी चतुराबाई हळूच म्हणाली, "चाकांचं राह्यलं."

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी आमची ख्रिस्ती वस्ती. थोडी घरं, एक कौलारू देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणि देवळामागं पाळकाचं दोन खणांचं घर. आमचे वाडवडील महारवाड्यातून उठून येशूकडे आले, ते सगळे एकदमच आले. त्यामुळे मंडळी म्हणजे भावकीच होती, आणि भांडणंही भावकीचीच. जुने पाळक वारल्यापासून देऊळ मुकं पडलं होतं. म्हणून हा नवा माणूस आल्यावर ज्याच्या घरी जे होतं ते लोकांनी नेऊन दिलं. कुणी बाजरी, कुणी कोंबडी, कुणी नुसती वांगी.

पाळकांनी वांग्यांवरसुद्धा प्रार्थना केली. ती एवढी लांबली की धोंडीरामबाबा, म्हणजे आमच्या मंडळीचे पंच, डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, "पाळकसाहेब, वांग्याला नुसतं आमेन म्हटलं तरी चालंल."

पाळक हसले. म्हणाले, "बाबा, सवय नाही हो मला. घोटीकडच्या डोंगरात कुणी वांगं दिलं नाही."

तिकडं ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. अर्धं आयुष्य त्या पावसात आणि तापात गेलं. दोन मुलं तिथंच पुरली. त्यांची बायको रूथबाई दुष्काळातली अनाथ पोर, मिशनने वाढवलेली. ती फार बोलत नसे. मास्तरांना आमच्यात उपदेश करता येतो, पण प्रभुभोजन देता येत नाही. भाकर मोडायची आणि प्याला द्यायचा तो दीक्षा झालेल्या पाळकानेच. केस पिकायला लागल्यावर कुठं मिशनच्या मोठ्या साहेबांनी त्यांना दीक्षा दिली आणि पहिली मंडळी दिली ती आमची.

हे सगळं त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं. आईचं नाव भागीबाई. माझ्या धाकट्या भावाला गोवर आतल्या आत जिरला तेव्हा पाळक त्याच्या उशाशी बसून राहिले होते. पोर वाचलं. तेव्हापासून आईने त्यांना भाऊ मानलं.

"भागीबाई," ते आईला म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्याच्या हातातला प्याला बघितला. आता येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या हातून मंडळी पिईल. मला दुसरं काही मागायचं नाही देवाजवळ."

"मग मनुका मी उकळते," आई म्हणाली. आमच्याकडे द्राक्षाची दारू कुठली यायला. मनुका उकळून, गाळून रस करायचे, तोच प्रभूच्या रक्ताच्या ठिकाणी.

गाव कोणतं, भाऊबंद कोण, हे धोंडीरामबाबांनी त्यांना एकदा आडून विचारलं होतं. पाळक म्हणाले, "बोर्डिंगात वाढलो, बाबा. तेच गाव." मग कुणी खोदून विचारलं नाही. एवढा शिकलेला म्हणजे आपल्यातलाच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आणि मग देवळाच्या घंटेचा दोर तुटला. उंदरांनी खाल्ला होता. धोंडीरामबाबा म्हणाले, बाजारातून आणू. पाळक म्हणाले, "नको. मंडळीने मला एवढं दिलं, मी मंडळीला काय दिलं? एवढी सेवा माझ्याकडे असू द्या."

त्यांनी बांधावरचा घायपात कापला, नदीत भिजत घातला, धोपटला, त्याचा वाख, म्हणजे धागे, काढून वाळवला. मग ओट्यावर बसून, धोतर वर घेऊन, मांडीवर दोर वळायला लागले. गाणं म्हणत होते. बोटं अशी चालत होती की आम्ही पोरं तोंडाकडं न बघता बोटांकडेच बघत राहिलो. धोंडीरामबाबा सकाळी आले ते उभेच राहिले.

"कुठं शिकले म्हणायचं हे?"

"बापाजवळ," पाळक मान वर न करता म्हणाले. "बोर्डिंगात घातलं त्याच्या आधी. बाप माझा गावाचे सगळे दोर वळायचा. सनई पण वाजवायचा, लग्नाला." मग दोर ताणून दाखवत म्हणाले, "बघा ओढून. हत्ती बांधा."

बाबांनी दोराला हात लावला नाही. "काम हाय," म्हणाले आणि गेले.

आमच्याकडे दोर वळणारा आणि लग्नात सनई वाजवणारा कोण, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळपर्यंत घरोघर एकच बोलणं झालं. पाळक मांगवाड्यातले. त्यांना वाटलं असेल, बाप्तिस्मा झालेल्या माणसांत बापाचं नाव घ्यायला भ्यायचं कशाला.

आमच्या घरी चुलीपुढं आई आणि आजी.

"मनुका भिजत घालू नको," आजी म्हणाली.

"का?"

"का म्हंजी? त्याच्या तोंडाला लागलेला प्याला आपण तोंडाला लावायचा?"

"आत्या, पाटलाच्या हिरीवर आपल्याला वरून ओततात तवा तुम्ही घरी येऊन दिसभर शिव्या घालता."

"ती गोष्ट येगळी."

"धोंडीरामबाबाचा पुतण्या ख्रिस्ती असूनबी नाशकाला काळ्या रामाच्या दारात सत्याग्रहाला बसून डोकं फोडून आला. ते कशापायी?"

"ते पण येगळं," आजी म्हणाली. "लय बोलू नको. पोरीचं लगीन व्हायचं हाय."

पोर म्हणजे मी, शेजारीच बसले होते. आईने मनुका मात्र भिजत घातल्या.

पाळकांना कुणी काही बोललं नाही. लोक येत होते, सलाम करत होते, शिधाही देत होते. मात्र आता शिजवलेलं कुणी नेईना, कारण भांडं परत घ्यावं लागलं असतं. रूथबाईच्या घरचं पाणी कुणी घेत नव्हतं. "आत्ताच पिऊन आलो," म्हणत. पाळक एवढे आभार मानणारे, त्यांना वाटलं असावं, मंडळीला आपल्याला तसदी द्यायची नाही. की त्यांना कळलं होतं आणि कळल्याचं दाखवत नव्हते, कोण जाणे. रूथबाईला कळलं होतं. ती घागर पालथी घालून ठेवी.

पहिला रविवार आला. नव्या दोराने घंटा छान वाजली. देऊळ भरलं. यायला कुणाची ना नव्हती. गाणी झाली, उपदेश झाला. पाळकांनी भाकर मोडली. आईने आणून दिलेला रस त्यांनी प्याल्यात ओतला, सगळ्या मंडळीला पुरावा म्हणून काठोकाठ. त्यांचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा दिसत होता. मग ते म्हणाले, "या."

रूथबाई उठली. पुढच्या लांब चटईवर एकटीच गुडघे टेकून बसली. तिने भाकर खाल्ली, प्याल्यातून घोट घेतला आणि तिथंच बसून राहिली. शेजारी येणाऱ्यांसाठी तिने पदर आवरून घेतला होता.

कुणी उठलं नाही.

पाळक पुन्हा म्हणाले, "या, प्रभूचं मेज तयार आहे."

धोंडीरामबाबा खाली जमिनीकडे बघत होते. कुणी खोकलं. माझी आई उठायला लागली. अर्धी उठली होती. आजीने तिच्या लुगड्याचं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. आईने एकदा पुढं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बसली. पाळक तिच्याकडेच बघत होते. त्यांनी ते सगळं पाहिलं.

आमच्यात रीत अशी की प्रभुभोजनाचा रस उरला तर परत बाटलीत घालत नाहीत, भुईवर ओतत नाहीत. पाळकाने तो तिथंच, मंडळीदेखत संपवायचा. दरवेळी चमचाभर उरायचा. त्या दिवशी प्याला तसाच भरलेला होता. पाळकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला लागले. मनुकांचा रस गोड, दाट. घशाखाली भरभर उतरत नाही. ते थांबत, श्वास घेत, पुन्हा पीत. सगळी मंडळी बसून बघत होती. मी लहान, माझं प्याला घेण्याचं वय नव्हतं, पण त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मला अजून दिसते.

त्यानंतर उपकारस्तुती असते. बैलांचे आभार तोंडपाठ मानणाऱ्या त्या माणसाने पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर वाचलं. शेवटी मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं. त्यात आम्ही कधी कमी पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई मला घेऊन पाळकांच्या ओट्यावर गेली. म्हणाली, "दादा, मला प्याला आज द्या. इथं कुणी बघत नाय."

पाळकांनी ओट्यावरचा दिवा लावला. मग म्हणाले, "म्हणूनच देत नाही, भागीबाई. उजेडात या. रविवारी या. तुम्ही एकट्या आलात तरी मला मंडळी मिळाली."

"माझी पोर हाय, दादा."

"आहे खरी," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

आई रविवारी गेली नाही. पुढच्या महिन्यापासून प्रभुभोजन द्यायला नाशिकहून दुसरे पाळक टांग्याने येऊ लागले. तसं पाळकांनीच साहेबांना कळवलं होतं म्हणे. ते आले की मंडळी रांगेने उठे. दानियल पाळक आणि रूथबाई सगळ्यांच्या शेवटी जात. आपल्या आधी सगळे पिऊन झाले की नाही, हे ते स्वतःच वळून बघून घेत.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. कुठं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. जाताना कुणाचे आभार मानले नाहीत. गाडीत बसले, गाडी हलली.

पुढचे पाळक आले ते आमच्यातलेच, धोंडीरामबाबांच्या नात्यातले. पहिल्याच रविवारी सगळं देऊळ पुढं गेलं, चटई पुरेना. आई बसून राहिली. पुढच्या महिन्यातही बसून राहिली, आणि मग मरेपर्यंत तिने प्रभुभोजन घेतलं नाही. लोकांनी विचारलं की आजी सांगायची, "गुडघे धरल्यात तिचे, टेकवत नाय." आईचे गुडघे चांगले होते. रोज पहाटे जात्याशी बसून ती सगळ्या घराचं दळण दळत होती.