टेलला बहुधा पाणी येत नाही

हे किस्से मी इतक्यांदा सांगितले आहेत, की त्यांतलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि माझ्याच तोंडून ऐकून मला पाठ झालेलं किती, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. खात्री हा माझा प्रांतच नव्हे. बारामतीच्या कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यातच पीएच.डी. केली; पण गॅस बंद केला का, हे पाहायला मी अजून अर्ध्या वाटेवरून घरी परततो. किस्से मात्र उसाच्या पाचटासारखे साठतात. आवरू म्हणता म्हणता ढीग होतो!

निवृत्तीनंतर मी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. गाव चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलला, पार शेपटाला. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की वरची गावं भिजतात आणि आमच्यापर्यंत पाणी सुटल्याची बातमी पोचते. आमच्या बांधाला बांध तात्यांचा. त्यांच्या मुलाला, सोमनाथला, रॅपर व्हायचं होतं. त्यानं नाव घेतलं होतं 'एमसी टेल'.

तात्यांनी एकदा मला बांधावर गाठलं.

"सर, ह्यो बारावीला दोनदा बसलाय. मग एमेस्सी कवा केली?"

मी समजावलं, की एमसी म्हणजे माइक हातात घेऊन कार्यक्रम पुढे नेणारा माणूस.

"आस्सं! म्हंजी 'पाव्हण्यांनी जेवल्याबिगर जाऊ नये' म्हणणारा व्हय?"

सोमनाथ मान खाली घालून उभा होता. तात्यांनी मग माझ्यासमोरच निकाल लावला. "ऊस पिवळा पडलाय. ह्या आवर्तनाला पाणी आलं न्हाय तर ऊस गेला. आन् ऊस गेला तर ह्यो एमआयडीसीत. मग गाणी-बिणी बंद!"

"तात्या, नवं गाणं पाण्यावरच हाय," सोमनाथ म्हणाला.

"गाण्यानं पाणी येतंय व्हय रं टेलला?"

\* \* \*

त्याच्या पहिल्या व्हिडिओचा किस्सा आधी सांगायला हवा होता. क्रम माझा नेहमीच चुकतो.

कॅमेरा होता बंड्याचा. बंड्या लग्नांची शूटिंग करायचा, त्यामुळे सोमनाथनं रागानं मूठ आवळली की तो सवयीनं ओरडे, "थोडं हसा! वहिनींकडं बघा!"

सोमनाथला दिसायचं होतं एकटा, खवळलेला, कुणाची पर्वा नसलेला. त्यासाठी मोठी काळी गाडी हवी. बंड्यानं कालच लग्नातून परतलेली एक आणली आणि पुढची फुलं काढून टाकली. शेवटी आमचा एकटा वाघ त्या गाडीतून धूळ उडवत, स्लो मोशनमध्ये निघून जातो. मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'अमोल वेड्स अश्विनी'!

खाली कॉमेंट एकच: नांदा सौख्यभरे.

संध्याकाळी लोणी भापकरहून आत्याचा फोन. ती रडत होती. "सोम्या, लगीन केलंस आन् आत्याला सांगितलं न्हाईस?"

"आत्या, त्यो अमोल दुसरा हाय!"

"आधी टेल, आता अमोल! अरं, एका नावावर ऱ्हा की लेका!"

\* \* \*

पाण्याच्या गाण्यातली पहिली दृश्यं पळसदेवला घेतली. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. सोमनाथ काळा गॉगल लावून देवळासमोर उभा राहिला. गाळात पाय, कपाळावर आठ्या, जबडा घट्ट. बंड्याला 'समाजाची वेदना' एका फ्रेममध्ये हवी होती, म्हणून त्यानं त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला.

एक मासेवाला होडी लावून हे सगळं बघत होता. शेवटी त्यानं मला बाजूला घेतलं.

"आबा, त्याचं पोट दुखतंय का?"

"नाही, तो चिडला आहे."

"कुणावर?"

"समाजावर."

मासेवाल्यानं मागं वळून पाहिलं. तिथं मीच एकटा होतो. "मग माफी मागून टाका की," तो म्हणाला. "ऊन किती लागतंय त्याला!"

\* \* \*

गाण्यात एक पुढारी लागत होता, आश्वासनं देऊन गाडीत बसून जाणारा. सोमनाथ म्हणाला, "सर, तुमच्या चेहऱ्यावर कायम काळजी असती. लोकांची वाटंल." मला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला आणि इंदापूरच्या बाजारात सोडलं. मी फक्त हात जोडत चालायचं होतं.

दहा पावलं गेलो असेन. एका म्हातारीनं वाट अडवली. तिच्या वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. ती सगळं सांगू लागली, मी घामाघूम झालो. बंड्या लांबून खुणा करतोय, "भारी! चालू द्या!"

मला ती फसवणूक सहन होईना. मी हात जोडूनच म्हणालो, "आजी, मी खरा पुढारी नाही हो! खोटा आहे!"

"ते ठावं हाय मला," आजी म्हणाली. "खरा असता तर घावला असता व्हय?"

\* \* \*

गाण्याचे शब्द तपासायचं काम माझ्याकडे होतं. ध्रुवपद होतं, 'टेलला पाणी येतच न्हाय!' मी हरकत घेतली.

"सोमनाथ, हे सार्वत्रिक विधान झालं. एकदा जरी पाणी आलेलं असलं, तरी ते खोटं ठरतं."

"कवा आलंय?"

"तुझ्या वडलांच्या लग्नात आलं होतं म्हणतात. मांडवात शिरलं होतं."

"मग काय घालू?"

मी रात्रभर विचार करून सुचवलं, "'बहुधा' घाल."

सोमनाथनं म्हणून पाहिलं. 'टेलला बहुधा पाणी येत न्हाय.' मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाला, "सर, रॅपर कवा 'बहुधा' म्हणतो का? मग आमच्यात आन् हवामान खात्यात फरक काय ऱ्हायला?"

'बहुधा' गेला.

दुसरी हरकत मात्र मी सोडली नाही. शेवटचं दृश्य कोरड्या चारीत घ्यायचं होतं. चारी सरकारी. उद्या कुणी विचारलं तर? मी त्याला पाटकऱ्यांना, म्हणजे चारीची दारं उघडणाऱ्या-लावणाऱ्या माणसाला, सांगून यायला पाठवलंच.

"भित्रं हाय लय, पर शिकल्यालं हाय," तात्या बंड्याला म्हणाल्याचं मी ऐकलं.

\* \* \*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चारीत उतरलो. तळाला भेगा पडल्या होत्या. तात्यांना डोक्याला हात लावून मधोमध बसायचं होतं. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांचा ऊस तिथून दिसत होता. मी पांढऱ्या सदऱ्यात काठावर. स्पीकर लावला. सोमनाथ गळ्यातली साखळी उडवत गरजला, "टेलला पाणी येतच न्हाय!"

"कट!" बंड्या ओरडला. "फ्रेममधी चप्पल कुणाची आली?"

चप्पल कुणाचीच नव्हती. ती चालत आलेली नव्हती, वाहत आली होती!

तिच्यामागून पाचट आलं, फेस आला, गुटख्याच्या पुड्या आल्या आणि त्यांच्यामागून गढूळ पाण्याची जीभ आली. स्पीकर अजून ओरडतच होता, येतच न्हाय, येतच न्हाय! तात्यांच्या बुडाला ओल लागली तसे ते ताडकन उठले.

"सोम्या, गाणं मर्दा खड्ड्यात घाल! दारं धर, पाणी उसात घे!"

एमसी टेल गॉगल आणि साखळीसकट, फावडं घेऊन उसात पळाला. मीही पळालो, का ते माहीत नाही. बंड्याला कॅमेरा बंद करायचं सुचलं नाही.

ऊस भिजला. सोमनाथ चिखलानं माखून माझ्यापाशी आला. धाप लागली होती.

"सर, ध्रुवपद खोटं पडलं. तुमचा तो 'बहुधा' हाय का अजून?"

गाणं तसंच निघालं. 'टेलला बहुधा पाणी येत न्हाय', आणि मागं कमरेएवढ्या पाण्यात नाचणारे तात्या! लोकांनी फार नावाजलं. कुणी लिहिलं, असा बोचरा उपहास आजवर झाला नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं, तो 'बहुधा' लिहिणारा माणूस आतून पेटलेला असणार. एमआयडीसीचा विषय तात्यांनी पुन्हा काढला नाही.

गावात मात्र सगळे म्हणू लागले, गाण्यानं पाणी आलं. मी प्रत्येकाला सांगत होतो, की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली कारण ठरत नाही. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. कुणी ऐकलं नाही.

बऱ्याच वर्षांनी नरसिंहपूरला देवळाच्या पायऱ्यांवर ते पाटकरी भेटले. निवृत्त झाले होते. मी उगाच खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "त्या दिवशी टेलला पाणी कसं काय आलं हो?"

"कसं काय म्हंजी? मीच सोडलं. वरची दारं समदी लावून घेतली."

"कशासाठी?"

"तुमीच न्हाय का सांगावा धाडला, उद्या चारीत शूटिंग हाय म्हणून? म्हणलं, समदं जग बघणार. आन् आपली चारी कोरडी? बरं दिसतंय व्हय, सर!"