आत्याचं सातवं गाणं

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. या पेजवरचे अनुभव मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि शेजारच्या टेबलावरच्याला वाचून दाखवून हसायचो. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण दुसरीकडे कुठे हे सांगायची लाज वाटते. अनुभवाची नाही... माझ्या वागण्याची.

मी आसनगावला राहतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी शहापूरच्या बाजारात माझं छोटं मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हरं, आणि मुख्य म्हणजे मेमरी कार्डात गाणी भरून देणं.

माझ्या वडिलांची चुलत बहीण, सखूआत्या, मुरबाड रोडवरच्या एका गावात राहायची. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले गाणारी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेकडो गाणी तोंडपाठ. नवरा-नवरीचं नाव, गाव, सगळं त्या गाण्यात ती जागच्या जागी गुंफायची.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या चार दिवस आधी ती टमटमने दुकानात आली.

"सुधीर, माझा आवाज ठेवशील काय रे तुझ्या मशीनमदी? प्राचीच्या लग्नाला मी गायला नाय, तर निदान आवाज तरी गाईल."

प्राची म्हणजे तिच्या मुलीची, मंदाची लेक. तेव्हा बालवाडीत होती.

मी शटर अर्धं खाली ओढलं, कॉम्प्युटरला माइक लावला आणि तिची सहा गाणी रेकॉर्ड केली. 'आत्या १' ते 'आत्या ६'. "कार्डात भरून देतो," म्हणालो.

ऑपरेशन झालं. आवाज गेला.

आणि मी... त्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना डीजेची नवी गाणी हवी होती आणि कॉम्प्युटरची डिस्क भरलेली. जागा करायला मी मोठ्या फाइल्स निवडून कायमच्या डिलीट केल्या. त्यांत त्या सहाही होत्या. चुकून झालं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, पण उगाच खोटं कशाला लिहू? नाव वाचलं होतं. वाचूनही बटण दाबलं.

त्यानंतर आत्या दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानात यायची. बोलता येत नव्हतं. काउंटरपाशी उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "आत्या, कार्ड संपलेत, पुढच्या वेळेला नक्की." ती मान हलवून परत जायची. वर्षभर असं चाललं. मग यायची थांबली, आणि पुढच्या पावसाळ्यात गेलीच. दहाव्याला मंदानं मला काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.

दुकान बंद करताना कॉम्प्युटरवर उरलेली सगळी गाणी मी एका नव्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतली आणि तो कॉम्प्युटर भंगारात दिला. हे नीट लक्षात घ्या. ही डिस्क आत्याची गाणी डिलीट झाल्यानंतर दोन वर्षांनी घेतलेली होती. त्यात ती असणं शक्यच नाही.

गेल्या हिवाळ्यात ती डिस्क कटकट आवाज करायला लागली, म्हणून एका रविवारी दुपारी जेवून मी सगळी लायब्ररी लॅपटॉपवर घ्यायला बसलो. कॉपी पूर्ण झाली. यादी शेवटपर्यंत खाली नेली, आणि शेवटची फाइल होती: 'आत्या ७'.

मी सहाच रेकॉर्ड केली होती.

लावली. आत्याचाच आवाज. खणखणीत, गाठ व्हायच्या आधीचा. बायको स्वयंपाकघरातून विचारत आली, "कोण हो बाई? काय गाते!" म्हणजे मला भास होत नव्हता.

हळदीचं गाणं होतं. नवरीचं नाव प्राची. आणि नवरा... "सापगावचा तेजेश."

मी मंदाला फोन लावला. किती वर्षांनी, देव जाणे.

"मंदे, प्राचीचं लग्न ठरलंय का?"

"तुला कोनी सांगितलं, दादा? परवा तर सुपारी फुटली. अजून कोनाला बोललो नाय आमी."

"मुलगा सापगावचा?"

"हां."

"तेजेश?"

"हां रे... पण तू वळखतोस त्याला?"

मी कसंबसं म्हणालो, "माझ्याकडे आत्याचं गाणं आहे. प्राचीच्या हळदीचं."

मग ती एवढंच म्हणाली, "हलदीला घेऊन ये."

मंदाचं सासर म्हशाजवळ. हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात लॅपटॉप डीजेच्या स्पीकरला जोडला. गाणं सुरू झालं तशा म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. धवल्यात एकजण ओळ म्हणते आणि बाकीच्या ती मागून म्हणतात. दुकानात एकटी गाताना आत्या मागच्यांसाठी थांबली नव्हती. या गाण्यात मात्र ती प्रत्येक ओळीनंतर थांबत होती, आणि मांडवातल्या बाया ती जागा भरत होत्या. प्राची हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती.

गाणं संपलं. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये एक पुरुषी आवाज आला. माझाच.

"आत्या, परत घ्यायचं का?"

"नको रे. येवढंच बास."

हे संभाषण कधी झालंच नव्हतं. पण सगळ्यांनी ऐकलं. मंदाचे दीर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येवढी वर्षं जपलंत तुमी. मानूस असावा तर असा." लोक माझ्या पाया पडायचेच बाकी होते. मी ताट अर्धवट टाकून उठलो.

लग्नानंतर पाच दिवसांनी मी एकटाच मंदाकडे गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. समोर बसलो आणि सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मला ठाव व्हतं, दादा. आईला पन ठाव व्हतं. पयल्याच येळी तुझ्या तोंडाकडं बघून तिनं वळखलं. घरी येऊन तिनं असं केलं," आणि मंदानं हवेत पाटी पुसल्यासारखा हात फिरवला.

"मग ती वर्षभर येत का होती?"

"मी पन तेच बोलायची तिला, नको जाऊस गो. ऐकायची नाय. तिला वाटायचं, तू एक दिवस खरं बोलशील."

मला वर बघवेना. मंदानंच विचारलं, "पुसलं व्हतं ना तू? नक्की?"

"नक्की."

"मग हे आलं कुठून?"

कल्याणला माझा एक मित्र खराब डिस्कमधला डेटा काढायचं काम करतो. त्याला डिस्क आणि लॅपटॉप दोन्ही दाखवलं. तो म्हणाला, डिस्कवर या नावाची फाइल कधी असल्याची खूणच नाही. फाइल फक्त लॅपटॉपवर आहे आणि नीट चालते. प्राचीच्या फोनमध्येही आहे. ती म्हणे घरकाम करताना लावते. मी ते गाणं ऐकतो, पण शेवटपर्यंत नाही... माझा आवाज यायच्या आधीच बंद करतो.