मीरासाहेबांची तोबा

आमच्या शेजारचे कल्हईवाले मीरासाहेब सकाळी राजबिंडे दिसत. पातेलं असं लखलखवत की त्यात बघून बायका कुंकू नीट करून घेत. पण ऊन कललं की त्यांची उजवी पापणी उतरे, मग डावी. जीभ जड होई, शब्द नाकातून येत, घास चावताना जबडा हातानं धरावा लागे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा स्नायू दमण्याचा आजार, लाखात एखाद्याला होतो, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. गोळीचा असर जेमतेम दुपारपर्यंत टिके, आणि गोळ्याही मिळाल्या तर मिळत.

आमच्या चिंचवडला मात्र डॉक्टरची गरज कधीच पडली नाही. दारूबंदीचे दिवस. संध्याकाळी डोळे मिटलेला, जीभ अडखळणारा माणूस दिसला आणि गावानं निदान करून टाकलं. "मीरासाहेबाची भट्टी नुसती कल्हईची न्हाई बरं," म्हणून लोक खिदळत. नमाज न चुकवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी कुठली? ते मान खाली घालून घरात जात.

त्यांची फरीदा लग्नाला आली. तळेगावचे इकबालभाई तिला मुलासाठी बघायला सकाळी येणार होते, म्हणून मीरासाहेबांनी उरलेली एकुलती गोळी पहाटेच घेतली. पाहुण्यांची गाडी चुकली. ते आले दिवेलागणीला.

"या, बसा," एवढं म्हणतानाच जीभ वळेना. इकबालभाई बघत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगा मियाँ. पिता, का काही दुखणं हाय? दुखणं असलं तर पोरीच्या रक्तात असायचं."

दाराआडून त्यांची बायको खातूनबी बोलणार, तोच मीरासाहेब म्हणाले, "पितो."

थेंबाला न शिवलेला माणूस! पण दारू सुटते, रक्तातली खोड सुटत नाही, हे त्यांना कळत होतं. इकबालभाईंना पोरगी पसंत होती. त्यांनी अट घातली, मशिदीत चार माणसांदेखत तोबा करायची, पुन्हा पिणार नाही म्हणून अल्लाची माफी मागायची. मीरासाहेबांनी न केलेल्या गुन्ह्याची तोबा केली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. लोकांचं काही नाही, अल्लासमोर खोटं बोललो, असं म्हणत होते. हे खातूनबीनं पुढे माझ्या आईला सांगितलं.

लग्न झालं. त्यानंतर ते लेकीकडे जात ते सकाळीच, आणि जेवायला न थांबता परत येत. लोक म्हणत, बापाला माया नाही.

नातवाच्या अकीक्याला, म्हणजे जावळाच्या जेवणाला मात्र इकबालभाईंनी हात धरून बसवलं. मीही शेजारीच होतो. दुपारची पंगत लांबत गेली. मीरासाहेबांची पापणी उतरली. पाणी मागितलं, ते नाकातून. पंगतीतल्या माना वळल्या. इकबालभाईंचा चेहरा लाल झाला.

तेवढ्यात ताट घेऊन फरीदा आली. तिला सगळं ठाऊक होतं. लहानपणी संध्याकाळी बापाला मऊ भात तीच कालवून देई.

"अब्बा, परत घेतली व्हय?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लाज न्हाई वाटत?"

मीरासाहेबांनी होय म्हणून मान हलवली.

तिनं ताट पुढं ठेवलं. आमच्या ताटांत हाडांसकट मटणाचे तुकडे होते. त्यांच्या ताटात बोटांनी बारीक कुस्करलेलं मटण भातात कालवलेलं होतं. मीरासाहेबांनी एका हातानं जबडा धरला आणि मान वर न करता ते जेवू लागले.